मेलेल्या माकडांची नोंदवही

१९५७ सालच्या मार्च महिन्यात पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरला तेव्हाच्या म्हैसूर राज्यातून एक खबर मिळाली. शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात आणि त्याच्या आसपास माकडं मरून पडत होती. त्याच जंगलाला खेटून असलेल्या गावांमधली माणसं तापाने फणफणत होती. डोकं फुटेल अशी डोकेदुखी, अंग मोडून काढणारी कणकण, काहींच्या नाकातोंडातून रक्त. काहीजण दगावले होते. चौकशी केल्यावर कळलं की आदल्या वर्षीही असा ताप येऊन गेला होता. तेव्हा तो विषमज्वर समजला गेला.

या खबरीतली महत्त्वाची गोष्ट ताप ही नव्हती. भारतातल्या खेड्यात उन्हाळ्याच्या तोंडावर ताप येणं ही १९५७ मध्ये कुणी पुण्याला कळवावी अशी बातमीच नव्हती. मलेरिया होता, विषमज्वर होता, इन्फ्लुएन्झा होता. पुण्यातल्या लोकांचे कान टवकारले ते माकडांमुळे. माणसं आणि माकडं एकाच वेळी, एकाच जागी मरतायत, हे वाक्य ऐकून त्या संस्थेतल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच नाव आलं असणार: पिवळा ताप.

या लेखात मला माकडतापाचा इतिहास सांगायचा आहे. पण खरं तर तो एका नोंदवहीचा इतिहास आहे. जंगलात माकड मेलं तर ते कुणीतरी लिहून ठेवायचं, कुणाला तरी कळवायचं, आणि त्यावरून माणसांना सावध करायचं, एवढी साधी ही कल्पना. गेली जवळपास सत्तर वर्षं ती पश्चिम घाटात चालू आहे, अडखळते आहे, पुन्हा चालू होते आहे. आणि आता ती आपल्या सिंधुदुर्गातही येऊन पोचली आहे.

पिवळ्या तापाची भीती

पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर १९५२ साली सुरू झालं. आयसीएमआर आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांचा तो संयुक्त प्रकल्प होता. (आज आपण ज्याला एनआयव्ही म्हणतो ती हीच संस्था, १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था.) रॉकफेलर फाउंडेशनने त्याआधीची तीसेक वर्षं पिवळ्या तापाचा पाठलाग करण्यात घालवली होती. त्या तापावरची लस त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाली आणि त्यासाठी मॅक्स थायलर यांना १९५१ चं नोबेल मिळालं.

पिवळा ताप आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत होता. आशियात तो कधीच आला नव्हता. का आला नाही, याचं पक्कं उत्तर आजही नाही. पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास भारतात घरोघरी होता, आणि प्रतिकारशक्ती कुणाकडेच नव्हती. म्हणजे ठिणगी पडायचा अवकाश. शिवाय दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांचा अनुभव असा होता की पिवळा ताप माणसांत येण्याआधी हाऊलर माकडं मरायची. ही माकडं सकाळी मैलभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतात. एखाद्या वर्षी जंगल अचानक शांत झालं की जाणत्या माणसांना कळायचं, ताप येतोय.

भारतीय माकडांचाही या कथेशी जुना संबंध होता. १९२७ साली पश्चिम आफ्रिकेत रॉकफेलरच्या शास्त्रज्ञांना पिवळा ताप प्रयोगशाळेत निर्माण करता येत नव्हता, कारण आफ्रिकी माकडांना त्याने फारसं काही होत नव्हतं. शेवटी आशियातून नेलेली माकडं वापरली, ती आजारी पडून मेली, आणि संशोधन पुढे सरकलं. म्हणजे भारतातली माकडं पिवळ्या तापाने मरतात हे तीस वर्षांपासून माहीत होतं. मग १९५७ मध्ये शिमोग्यात मरणारी माकडं पाहून घाबरायला होणार नाही तर काय?

संस्थेचे संचालक टेलफोर्ड वर्क, त्यांचे सहकारी हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी क्यासनूर गाठलं. एका आजारी वानराचे आणि तापाने आजारी असलेल्या माणसांचे नमुने पुण्याला आणले, उंदरांच्या पिल्लांना टोचले. विषाणू मिळाला. तो पिवळ्या तापाचा नव्हता. त्याचं नातं निघालं ते हजारो किलोमीटर दूरच्या एका आजाराशी. रशियाच्या जंगलांत वसंत आणि उन्हाळ्यात येणारा मेंदूज्वर, जो गोचिडींमुळे पसरतो. आजारी माकडांच्या अंगावर गोचिडी होत्याच. जंगलातल्या गोचिडी गोळा करून तपासल्या, तर त्यातही हाच विषाणू. त्याच वर्षी वर्क आणि ट्रॅपिडो यांनी भारतातला एक नवा विषाणूजन्य आजार म्हणून त्याची नोंद प्रसिद्ध केली. जंगलाच्या नावावरून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी, असं नाव मिळालं. मलनाडातले कन्नड लोक मात्र त्याला मंगन कायिले म्हणू लागले. माकडाचा आजार. आपल्याकडे माकडताप.

माकड गुन्हेगार नाही

हे लोकांनी दिलेलं नाव समजण्यासारखं आहे, पण त्याने एक घोळ करून ठेवला. ऐकणाऱ्याला वाटतं, माकड चावल्याने किंवा माकडापासून हा ताप येतो. तसं नाही. माकड या आजाराला आपल्यासारखंच, किंबहुना आपल्यापेक्षा जास्त, बळी पडतं.

या विषाणूचा खरा संसार गोचिडींमध्ये चालतो. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही त्यातली मुख्य जात. गोचिडीच्या आयुष्याचे तीन टप्पे असतात. अंड्यातून निघालेलं बारीकसं पिल्लू, मग मधल्या वयाची निम्फ, आणि मग मोठी गोचीड. प्रत्येक टप्प्यात तिला एकदा पोटभर रक्त प्यावं लागतं. पिल्लं आणि निम्फ उंदीर, चिचुंद्र्या, जंगलातले पक्षी आणि माकडं अशा प्राण्यांवर जगतात. मोठी गोचीड मोठं जनावर शोधते. रानात सांबर-गवा, आणि रानात चरायला सोडलेली गाय-म्हैस.

पावसाळा संपला की पिल्लं बाहेर पडतात. डिसेंबरपासून निम्फ वाढतात आणि मे-जूनपर्यंत, पाऊस येईस्तोवर, पाल्यापाचोळ्यात वाट बघत बसतात. निम्फ खसखशीच्या दाण्याएवढी असते. चावली तरी कळत नाही. माणसाला हा आजार मुख्यतः तिच्यामुळे होतो. चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत अचानक ताप भरतो. बहुतेक लोक बरे होतात, काहींना एकदोन आठवड्यांनी तापाची दुसरी लाट येते आणि ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. शंभरातले साधारण तीन ते पाच रुग्ण दगावतात. नेमकं औषध नाही. रुग्णाला जपायचं, पाणी आणि रक्तस्राव सांभाळायचा, एवढंच. माणसाकडून माणसाला मात्र हा ताप होत नाही.

माकडाची भूमिका वेगळीच आहे. विषाणू माकडाच्या रक्तात प्रचंड वाढतो. त्या काही दिवसांत जेवढ्या गोचिडी त्याचं रक्त पितात, त्या सगळ्या विषाणू घेऊन जातात. माकड अशक्त होऊन झाडावरून खाली येतं, जमिनीवर मरतं. शरीर थंड पडलं की गोचिडी ते सोडून आजूबाजूच्या पाचोळ्यात उतरतात. मेलेल्या माकडाभोवतीची ती काही फूट जागा मग पुढचे काही आठवडे जंगलातली सगळ्यांत धोकादायक जागा होते. त्या जागेवरून कोण जातं? लाकूडफाटा आणणारी बाई, गुरं वळणारा मुलगा, सुपारीच्या बागेसाठी पाला गोळा करणारा मजूर.

म्हणून मेलेल्या माकडाची नोंद ठेवायची. ते आपल्याला आजारी करतं म्हणून नाही, तर ते कुठे मेलं हे कळलं तर धोका कुठे आहे ते कळतं म्हणून.

सायबेरियातले पक्षी आणि दिल्लीतला संशय

पहिल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांना सतावणारा प्रश्न होता, रशियातल्या विषाणूचा भाऊबंद शिमोग्यात आला कुठून? एक शक्यता सहज सुचण्यासारखी होती. दरवर्षी हिवाळ्यात मध्य आशिया आणि सायबेरियातून लाखो पक्षी भारतात येतात. त्यांच्या अंगावर गोचिडी असू शकतात.

या प्रश्नातूनच सलीम अलींचा एक मोठा प्रकल्प उभा राहिला. १९५९ पासून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांना पकडून, पायात कडी अडकवून सोडायला सुरुवात केली. सोबत त्यांच्या अंगावरच्या गोचिडीही गोळा केल्या. पक्ष्यांनी क्यासनूरचा विषाणू आणला हे काही सिद्ध झालं नाही. पण भारतातले पक्षी कुठून येतात आणि कुठे जातात याचं जे ज्ञान आज आपल्याकडे आहे, त्याचा मोठा पाया या वर्षांत घातला गेला. एका तापाच्या शोधात पक्षीशास्त्राचा फायदा झाला.

पुढे या कामाला पैसा अमेरिकी लष्कराशी जोडलेल्या एका कार्यक्रमातून येऊ लागला आणि सत्तरच्या दशकात त्यावरून वादळ उठलं. शीतयुद्धाचे दिवस. पक्ष्यांमार्फत रोगजंतू पसरवता येतील का, हे तर परकीयांना शोधायचं नाही ना, असा प्रश्न वर्तमानपत्रांत आणि संसदेच्या लोकलेखा समितीपुढे आला. सलीम अलींना या संशयाचा मनस्ताप झाला. गैरकृत्याचा पुरावा काही निघाला नाही. पण हा प्रसंग एवढ्यासाठी लक्षात ठेवायला हवा की प्राण्यांमधल्या रोगांवर पाळत ठेवणं हे कधीच निव्वळ विज्ञान नसतं. नमुने कुणाचे, पैसा कुणाचा, माहिती कुठे जाते, हे प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतात. २०२० नंतर हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

नोंदवही कशी भरते

क्यासनूरच्या शोधानंतर पुण्याच्या संस्थेने शिमोगा जिल्ह्यातच, सागर इथे आपलं क्षेत्रीय केंद्र उभं केलं. तिथल्या माणसांचं काम वर्षानुवर्षं एकसुरी आणि धोक्याचं होतं. पांढऱ्या फडक्याचा एक तुकडा जंगलातल्या जमिनीवरून ओढत न्यायचा, त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजायच्या, जातवार वेगळ्या करायच्या. उंदीर-चिचुंद्र्या पिंजऱ्यात पकडून रक्त काढायचं. आणि कुठे माकड मेल्याची खबर आली की तिथे पोचायचं. पी. के. राजगोपालन यांच्यासारखे तरुण कीटकशास्त्रज्ञ या केंद्रात घडले. १९५७ ते १९६४ या काळात एकट्या शिमोगा जिल्ह्यात हजाराच्या आसपास माकडांच्या मृत्यूंची नोंद झाली. त्यात वानरं जास्त, लालतोंडी माकडं कमी.

हजार मृत्यूंची नोंद, म्हणजे हजार वेळा कुणीतरी जंगलात एक मेलेलं जनावर पाहिलं आणि ते पाहून गप्प बसलं नाही. हे कुणीतरी म्हणजे जवळजवळ नेहमी गावकरी, गुराखी, वनरक्षक. शास्त्रज्ञांच्या पेपरात त्यांची नावं येत नाहीत.

प्रयोगशाळेतही किंमत मोजावी लागली. हा विषाणू हाताळणाऱ्या अनेकांना प्रयोगशाळेतच लागण झाली. इतकी, की सत्तरच्या दशकात पुण्यात त्यावरचं काम थांबवावं लागलं. त्या विषाणूसाठी योग्य अशी सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा पुण्यात पाषाणला उभी राहिली ती थेट २०१२ साली.

याच संस्थेत साठच्या दशकात होर्हे बोशेल हे कोलंबियन शास्त्रज्ञ काम करत होते. त्यांचं आधीचं आयुष्य कोलंबियाच्या जंगलात पिवळ्या तापामागे गेलं होतं. तिथे त्यांनी एक दृश्य पाहिलं होतं: लाकूडतोडे एक उंच झाड पाडतात, आणि झाडाच्या शेंड्यावर राहणारे निळे डास थवा करून त्यांच्याभोवती घोंगावू लागतात. वर, माकडांच्या पातळीवर राहणारा रोग झाड पाडल्याने खाली माणसांच्या पातळीवर आला. शिमोग्यात त्यांनी तीच नजर वापरली. १९६९ साली त्यांनी मांडलं की विषाणू जंगलात शांतपणे पूर्वीपासून असावा. बदललं ते जंगल. लोकवस्ती वाढली, भातशेतीसाठी जंगलाच्या मधोमध तुकडे मोकळे झाले, कडेला घाणेरीची जाळी माजली, आणि त्यात हजारो गुरं चरू लागली. गुरांना या विषाणूने काही होत नाही. पण मोठ्या गोचिडींना त्यांनी जेवायला घातलं. एक गोचीड हजारोंनी अंडी घालते. जंगलाची कड म्हणजे गोचिडींचं कोठार झालं.

निडले

बोशेल यांचं म्हणणं खरं आहे हे पुढे एका गावाने फार महागात दाखवून दिलं. १९८२ च्या शेवटी दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बेळतंगडी तालुक्यात, निडले गावाजवळ, काजूच्या लागवडीसाठी राखीव जंगल तोडलं गेलं. काही आठवड्यांत माकडं मरायला लागली. त्यापाठोपाठ तोडणीवरचे मजूर आणि गावकरी आजारी पडले. पुढच्या हंगामापर्यंत आकडा दीड हजार रुग्णांच्या पलीकडे गेला आणि सुमारे दीडशे माणसं मेली. माकडतापाच्या इतिहासातली ही सगळ्यांत मोठी साथ.

मार्क निख्टर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने नंतर यावर लिहिताना त्याला विकासाचा आजार म्हटलं. तिथल्या लोकांपैकी अनेकांनी साथीचा अर्थ वेगळ्या भाषेत लावला होता. जंगल तोडल्याने तिथली दैवतं कोपली. शिकलेल्या माणसाला यावर हसू येईल. पण बोशेल यांचा पेपर आणि या लोकांचं बोलणं शेजारीशेजारी ठेवून बघा. तिथे जे राहत होतं त्याला तुम्ही हलवलंत, म्हणून ते तुमच्यावर आलं, असंच दोघं म्हणत होते.

आणि नोंदवहीचं काय? माकडं मरत होती हे लोकांनी पाहिलं होतं. पण शिमोग्यात जी यंत्रणा होती ती इथे नव्हती, कारण हा आजार शिमोग्याचा समजला जात होता. पाळत तिथेच होती जिथे आजार आधी सापडला होता. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे रात्री सर्व्हर पडला तर फोन वाजतो. पण फोन त्याच सर्व्हरसाठी वाजतो ज्यावर कुणीतरी अलर्ट लावलेला आहे. बाकीचे शांत असतात. ती शांतता म्हणजे सगळं ठीक आहे असं नव्हे, हे आमच्याकडे पहिल्या वर्षात शिकवतात. साथरोगांच्या बाबतीत सरकारी यंत्रणांना ते पुन्हा पुन्हा शिकावं लागतं.

घाट चढून, घाट उतरून

पन्नासेक वर्षं माकडताप कर्नाटकातल्या मोजक्या जिल्ह्यांचा आजार राहिला. २०१२ मध्ये बंडीपूरच्या जंगलात मेलेल्या माकडांमध्ये आणि नंतर तिथल्या काही माणसांमध्ये तो सापडला. तिथून तमिळनाडूतलं निलगिरी, २०१३ मध्ये केरळातलं वायनाड, मग मलप्पुरम. २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात दिसला. २०१६ च्या सुरुवातीला सत्तरीला लागून असलेल्या आपल्या दोडामार्ग तालुक्यात, आणि पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या आसपास.

तो खरंच पसरला की आधीपासून तिथे होता आणि आता तपासायची सोय झाली? दोन्ही थोडंथोडं खरं असावं. २०१२ च्या सुमारास एनआयव्हीने या विषाणूसाठी आरटी-पीसीआर आणि आयजीएम एलायझा चाचण्या तयार केल्या. आधी उंदरांच्या पिल्लांवर आठवडे घालवावे लागत, ते आता एकदोन दिवसांवर आलं. पुणे आणि मणिपालच्या प्रयोगशाळांकडे तापाच्या रुग्णांचे नमुने जाऊ लागले. बघणारा आला की दिसायला लागतं.

सत्तरी आणि दोडामार्गात आजारी पडलेल्यांमध्ये काजूच्या बागांत काम करणारे अनेक होते. इथे वेळापत्रकच माणसाच्या विरोधात आहे. काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. निम्फचा हंगाम डिसेंबर ते मे. काजूची बोंडं खाली पडतात, ती पाचोळ्यातून वेचायची असतात. त्याआधी बाग साफ करायची, पातेरा गोळा करायचा. काजूची बोंडं माकडांनाही आवडतात. एकाच झाडाखाली बाई, माकड आणि गोचीड. पोट सगळ्यांनाच आहे.

त्यात राज्यांची सीमा. दोडामार्गातला माणूस गंभीर आजारी पडला की ओरोसपेक्षा त्याला बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज सोयीचं वाटतं, आणि ते स्वाभाविक आहे. पण मग रुग्ण एका राज्याचा, उपचार दुसऱ्या राज्यात, आणि माकड ज्या जंगलात मेलं ते तिसऱ्याला लागून. गोचिडीला यातली कुठलीच रेष दिसत नाही.

याहून अवघड सीमा सरकारी खात्यांच्या आहेत. माकड वनखात्याचं. ते वन्यजीव कायद्याखाली येतं, त्याला हात लावायचा तर वनखात्याची माणसं हवीत. शवविच्छेदन करणार पशुसंवर्धन खात्याचे डॉक्टर. गाय-म्हैसही त्यांचीच. माणूस आजारी पडला की आरोग्य खातं. तीन खाती, तीन कचेऱ्या, तीन बजेट. उष्ण दमट हवेत माकडाचं शव एका दिवसात सडायला लागतं आणि मग नमुन्यातून काही मिळत नाही. म्हणजे गुराख्याने पाहिल्यापासून नमुना बर्फात पडेपर्यंत या तिन्ही खात्यांना मिळून काही तासच मिळतात. ते साधलं तर त्या जागेभोवती कीटकनाशक पावडर मारता येते, शव जाळता येतं, गावाला काही आठवडे तिकडे जाऊ नका म्हणून सांगता येतं, अंगाला लावायचं तेल वाटता येतं. नाही साधलं, तर पुढची नोंद माणसाची असते.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे माकड हे नुसतं जनावर नाही. गावात वानर मेलं तर लोक हळदकुंकू वाहून, फुलं घालून त्याला माती देतात. त्यामागे भाव चांगलाच आहे. पण अशा वेळी शवाजवळ सगळ्यात जास्त माणसं जमतात, आणि खबर मात्र कुठेच जात नाही. लोकांना अंधश्रद्ध म्हणून हिणवलं तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत. मातीच द्यायची तर आधी एक फोन करा, एवढं सांगणाऱ्या गावच्या आशाताईचं बोलणं कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त ऐकलं जातं.

लस आणि तिची मर्यादा

लस नव्हती का? होती. १९५८ मध्ये रशियन आजारावरची लस शिमोग्यात देऊन पाहिली, उपयोग झाला नाही. पुढे कोंबडीच्या गर्भाच्या पेशींमध्ये विषाणू वाढवून, मग मारून तयार केलेली लस आली. नव्वदच्या दशकापासून कर्नाटकात ती गावोगाव दिली गेली. तिचे दोन डोस आणि मग वारंवार बूस्टर घ्यावे लागत, टोचलेली जागा दुखे, आणि लोक पुढच्या वर्षी यायचे टाळत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिची परिणामकारकता दोन डोसनंतर सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरनंतर सुमारे ८३ टक्के आढळली. २०१८-१९ मध्ये सागर तालुक्यातल्या अरळगोडू भागात मोठी साथ आली, अनेक माणसं गेली. लसीच्या ताकदीविषयी प्रश्न वाढत गेले आणि २०२२ मध्ये कर्नाटकाने ती देणं थांबवलं. नव्या लसीवर काम चालू आहे. २०२४ च्या हंगामातही कर्नाटकात माणसं माकडतापाने दगावली.

म्हणजे १९५७ पासून आजपर्यंत या आजाराविरुद्ध सगळ्यांत भरवशाची गोष्ट राहिली ती पाळतच. तिच्याही मर्यादा आहेत. एखाद्या भागातली माकडं आधीच्या साथीत मेली असतील किंवा वाचलेल्यांमध्ये प्रतिकारशक्ती असेल, तर पुढच्या वेळी माकड मरत नाही आणि माणूस थेट आजारी पडतो. दाट जंगलात मेलेलं माकड कुणाला दिसतच नाही. म्हणून अलीकडचे अभ्यासक फक्त शवांवर थांबत नाहीत. गेल्या काही वर्षांत भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांच्या एका गटाने उपग्रहातून दिसणारं जंगल, बागा आणि गुरांची संख्या एकत्र करून धोक्याचे नकाशे तयार केले. दमट सदाहरित जंगल आणि बागा जिथे एकमेकांत मिसळल्या आहेत, आणि गावठी गुरं जास्त आहेत, तिथे धोका जास्त दिसला. बोशेल यांनी पायी फिरून जे म्हटलं त्याच्या जवळच हे येऊन पोचतं.

शेवटची कडी

डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि निसर्ग यांच्या आरोग्याकडे एकत्र बघायचं, असा वन हेल्थ या शब्दाचा अर्थ. कोविडनंतर हा शब्द परिषदांमध्ये फार ऐकू येतो. मराठी माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. पुण्यातल्या एका संस्थेने हे नाव अस्तित्वात येण्याआधी काही दशकं शिमोग्याच्या जंगलात हेच केलं होतं. कीटकशास्त्रज्ञ, पशुवैद्य, डॉक्टर आणि पक्षीशास्त्रज्ञ एकाच तापाच्या मागे चालले होते. ती संस्कृती पुढे टिकली नाही, कारण सागरसारखं केंद्र वर्षानुवर्षं चालवण्यासाठी साथ नसतानाही पैसे द्यावे लागतात. साथ नसताना गोचिडी मोजणाऱ्या माणसाचं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

नवी इमारत, नवी यंत्रं, जनुकीय क्रम वाचणारी मशिनं, हे सगळं हवंच. पण माकडतापाच्या सत्तर वर्षांनी एक गोष्ट दाखवली आहे. या सगळ्या यंत्रणेची पहिली कडी प्रयोगशाळेत नसते. ती जंगलाच्या कडेला असते, आणि तिथे बहुधा सरासरीपेक्षा गरीब, रोजंदारीवर काम करणारा माणूस असतो. त्याने माकड पाहिलं, तर फोन कुणाला करायचा हे त्याला माहीत आहे का? फोन केला तर कुणी येतं का? आणि तिकडे जाऊ नको असं त्याला सांगितलं, तर हातची गेलेली त्या आठवड्यांची मजुरी कोण देतं?

या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर आपण थोडंफार तयार केलं आहे. दुसऱ्याचं उत्तर गावागणिक बदलतं. तिसरा प्रश्न अजून नीट विचारलाही गेलेला नाही. काजूचा हंगाम मात्र दरवर्षी फेब्रुवारीत सुरू होतो.